दोष कुणाचा? मोडत्या संसाराच्या सिनेमाची पार्श्वभूमी

नवरा-बायको दोघंही थोडे थोडे चुकतात, खलनायक कुणीच नसतो, तरीही लग्न मोडतं. अशी गोष्ट आज सिनेमात सर्रास दिसते. ती यायला इतका उशीर का लागला, याचं उत्तर पटकथेपेक्षा कायद्यात जास्त सापडतं. विसाव्या शतकात बराच काळ, बहुतेक ठिकाणी घटस्फोट हवा असेल तर समोरच्याचा अपराध कोर्टात सिद्ध करावा लागे: व्यभिचार, क्रूरता, सोडून जाणं. म्हणजे एक दोषी, दुसरा निर्दोष. हॉलिवूडच्या निर्मितीसंहितेत (पडद्यावर काय दाखवायचं नि काय नाही, याची नियमावली) तर विवाहसंस्थेचं पावित्र्य राखण्याची अटच होती आणि १९३४ पासून ती संहिता कडकपणे पाळली गेली. साहजिकच पडद्यावरचा संसार बिघडायचा तो 'त्या दुसरी'मुळे नाहीतर दारूमुळे.

१९५४ साली दिग्दर्शक रोसेलिनी यांनी इटलीत 'जर्नी टू इटली' या सिनेमात वेगळी वाट धरली. वारशाने आलेलं घर विकायला नेपल्सला गेलेलं इंग्रज जोडपं. बाहेरचा शत्रू नाही, नुसता कंटाळा आणि टोमणे. शेवटच्या मिरवणुकीत दोघांचा समेट होतो, तो मात्र फारसा पटत नाही.

खरं वळण स्वीडनमधलं. एप्रिल १९७३ पासून इंगमार बर्गमन यांची 'सीन्स फ्रॉम अ मॅरेज' ही सहा भागांची मालिका तिथल्या टीव्हीवर आली. पुढे कापून तिचा पावणेतीन तासांच्या आसपासचा सिनेमा झाला. चित्रीकरण १६ मिलिमीटरवर, पडदा घरातल्या टीव्हीचा, म्हणून चेहऱ्यांचे क्लोजअप भरपूर. बोलणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्याचा, किंवा न ऐकणाऱ्याचा चेहराही त्यात दिसतो. सुरुवातीला मासिकासाठी मुलाखत चालू आहे. स्वतःबद्दल सांगा म्हटल्यावर नवरा, योहान, पाल्हाळ लावतो. बायको, मारियान, नवरा आणि दोन मुली यांच्या पलीकडे अडखळते. वकील आहे ती, आणि तेही घटस्फोटांची! तिसऱ्या भागात तो दुसऱ्या बाईसाठी घर सोडतोय असं सांगतो, तर ती त्याची बॅग भरायला मदत करते. मग मैत्रिणीला फोन लावते, तेव्हा कळतं की हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

दोष वाटून घेणारा हा सिनेमा दोष समसमान मात्र वाटत नाही. पाचव्या भागात कागदांवर सही करायच्या संध्याकाळी योहान तिला मारतो. 'दोघांचंही चुकलं' हे वाक्य तिथे पुरत नाही, आणि बर्गमननी ते पुरवायचा प्रयत्नही केलेला नाही. पुढच्या अनेक अनुकरणांत नेमकं हेच हुकलं.

मालिकेमुळे स्वीडनमध्ये घटस्फोट वाढले, असं आजही ठोकून दिलं जातं. १ जानेवारी १९७४ ला तिथे नवा कायदा आला. घटस्फोटासाठी कारण देण्याची गरजच उरली नाही. एकाचा विरोध असेल किंवा सोळा वर्षांखालचं मूल असेल, तरच सहा महिन्यांची विचारमुदत. आकडा वाढला त्यात या तारखेचा वाटा मोठा.

आपल्याकडे मुंबई प्रांतात १९४७ साली आणि मग १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट मिळू लागला, पण ठरावीक कारणं दाखवूनच. परस्परसंमतीचं कलम १३-ब १९७६ च्या दुरुस्तीत आलं: किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं, संयुक्त अर्ज करावा, सहा महिन्यांनी पुन्हा हजर व्हावं. बासू भट्टाचार्य यांचे 'अनुभव' (१९७१) आणि 'आविष्कार' (१९७४) या दुरुस्तीच्या आधीचे, 'गृहप्रवेश' (१९७९) नंतरचा. 'अनुभव'मधली मीता नवऱ्याशी बोलायला जागा मिळावी म्हणून घरातले नोकर कमी करते. 'गृहप्रवेश'मध्ये स्वतःच्या घरासाठी पैसे साठवता साठवता बोलणंच आटतं. मुंबईकराला हे समजावून सांगायला नको. भट्टाचार्यांची जोडपी कोर्टापर्यंत जात नाहीत, आणि हा त्यांचा भित्रेपणा होता असं मला वाटत नाही. अबोल्याला कोर्टात कलमच नव्हतं.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९७० पासून दोषाची अट काढली. भांडण मात्र संपलं नाही, ते मुलाच्या ताब्याकडे सरकलं. 'क्रेमर व्हर्सेस क्रेमर'मध्ये (१९७९) आई सुरुवातीलाच निघून जाते आणि मग बराच वेळ पडद्यावर नसते. प्रेक्षक तेवढा वेळ बापासोबत काढतो. तराजू तिथेच झुकतो, कोर्टातल्या तिच्या जबानीने तो थोडाफार सावरतो इतकंच. 'मॅरेज स्टोरी'ने (२०१९) यावर उपाय म्हणून आरंभीच दोघांना एकमेकांच्या गुणांची यादी करायला लावली. मध्यस्थासमोर ती मोठ्याने वाचायला बायको, निकोल, नकार देते. पुढे लॉस एंजेलिसच्या कोर्टात वकील एकमेकांच्या अशिलाची उणीदुणी काढतात: तिने वाइन घेतल्यावर जिन्यावर अडखळणं, त्याने गाडीत मुलाची सीट नीट न बसवणं. नवरा-बायको शेजारच्या टेबलांवर गप्प बसून ऐकतात.