गोळी अख्खी पडली, मग औषध गेलं कुठे?

निफाडचे एक काका परवा नाशिकला आमच्या मेडिकलमध्ये आले. गर्दी ओसरेपर्यंत थांबले आणि हळूच म्हणाले, "भाऊ, ती रक्तदाबाची गोळी पचतच नाही. सकाळी शौचावाटे अख्खी पडली. पैसे पाण्यात!"

काका द्राक्षबागायतदार, त्यामुळे त्यांना बागेतलंच सांगितलं. पिकायला आलेल्या घडांवर अवकाळी पाऊस पडला की मणी तडकतात. आत साखर दाटलेली, बाहेर नुसतं पाणी. पाणी सालीतून आत शिरतं, मणी फुगतो आणि ताण सोसेनासा झाला की साल फुटते. शाळेत याला परासरण म्हणायचे.

काकांच्या गोळीत हेच घडतं, फक्त साल फुटत नाही. कवच सेल्युलोज असिटेटचं असतं. ते पाणी आत घेतं, औषध बाहेर सोडत नाही. औषधाला वाट एकच, लेसरने पाडलेलं बारीक भोक. भोकाच्या बाजूला औषधाचा थर, त्यामागे मीठ आणि फुगणारं पॉलिमर. पोटातलं पाणी झिरपलं की औषध सरबरीत होतं, मागचा थर फुगतो आणि सोऱ्यातून शेव पाडावी तसं औषध बाहेर ढकलतो. वेग ठरतो तो मुख्यतः कवचावर आणि आतल्या मिठावर; पोटातल्या आम्लाने त्यात फारसा फरक पडत नाही. काकांचं निफेडिपिन साध्या कॅप्सूलमधून घेतलं तर रक्तदाब झपकन उतरतो, छाती धडधडते. इथे तेच औषध 24 तास पुरवून सुटतं. उरतं ते रिकामं कवच.

मूळ युक्ती गुरांची बरं का! 1955 मध्ये ऑस्ट्रेलियात रोझ आणि नेल्सन यांनी मेंढ्या-गुरांच्या पोटात औषध सोडण्यासाठी असा पंप बनवला. 1975 मध्ये अमेरिकेतल्या अल्झा कंपनीच्या फेलिक्स थीयूवेस यांनी तो साध्या गोळीत बसवला. ठेचही लागली. ऑस्मोसिन ही इंडोमेथासिन या वेदनाशामक औषधाची गोळी आतड्याला भोकं पडल्याच्या तक्रारींमुळे 1983 मध्ये बाजारातून काढून घ्यावी लागली. आजही आतडं कुठे अरुंद झालेलं असेल तर डॉक्टर अशी गोळी टाळतात.

"आणि ही तोडायची नाही, चावायची नाही," मी बजावलं. "कवच फुटलं की दिवसभराचा हिशेब कोलमडला."

काका गप्प झाले. "आमची ही तीच गोळी घेते. मोठी वाटते म्हणून अडकित्त्याने अर्धी करते," म्हणाले, आणि काउंटरवरूनच घरी फोन लावला.