सीमाशुल्क समन्वयक (खान्देश)

आयात-निर्यातीच्या मालाचे कागद जुळवून तो माल सीमाशुल्क खात्याच्या तपासणीतून वेळेत सोडवून घेणारा कर्मचारी. बोलताना त्याला ‘कस्टमचं काम बघणारा’ किंवा ‘डॉक्युमेंटेशनवाला’ म्हणतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खान्देशाला समुद्रकिनारा नाही. तरीही रावेर-यावलची केळी, जिनिंगमधल्या कापसाच्या गाठी, पाइप आणि ठिबकचे साहित्य इथून परदेशी जाते. डाळमिलांसाठी तूर-उडीद आणि पाइप कारखान्यांसाठी पीव्हीसी रेझिन बाहेरून येते. यातला बराच माल न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून (सुरू १९८९) ये-जा करतो. जळगावपासून ते चारशे किलोमीटरांहून दूर आहे. या अंतरामुळेच इथल्या कामाला वेगळा कस लागतो. समन्वयक सावद्याच्या पॅकहाऊसमध्ये माल डोळ्यांनी पाहतो, पण अधिकारी पाहत नाही. अधिकाऱ्यापुढे येतो तो कागद, आणि कंटेनर उघडला नाही तर त्याच्यापुरता तो कागदच माल असतो.

कायद्याने हे पद वेगळे ओळखलेले नाही. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १४६ प्रमाणे व्यापाऱ्याच्या वतीने कस्टममध्ये काम करण्याचा परवाना ‘कस्टम्स ब्रोकर’ला मिळतो. पूर्वीचे नाव कस्टम हाऊस एजंट. बाजारात तो आजही ‘सीएचए’च आहे. परवान्याचे नियम २०१८ चे आहेत. ब्रोकर बहुधा मुंबई-न्हावाशेव्याला बसतो, तर समन्वयक निर्यातदाराच्या नोकरीत, जळगाव किंवा धुळ्याच्या कचेरीत. चूक कोणाचीही असो, खोळंबा निर्यातदाराचा होतो आणि पहिला फोन समन्वयकालाच येतो.

त्याच्या दिवसाचा गाभा म्हणजे ‘चेकलिस्ट’. इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टवरून ब्रोकर शिपिंग बिलाचा, म्हणजे कस्टमला द्यायच्या निर्यात-घोषणेचा, मसुदा तयार करतो; हीच चेकलिस्ट. निर्यातदाराने तो तपासून होकार दिला की तो आइसगेट या कस्टमच्या संकेतस्थळावरून दाखल होतो आणि सोबतचे कागद ई-संचित या त्याच्याच कागद-सुविधेवर चढवले जातात. आयातदार-निर्यातदार संकेतांक, बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक), मालाचा प्रकार सांगणारा आठ अंकी एचएस कोड (ताज्या केळीचा ०८०३९०१०), पेट्यांची संख्या, निव्वळ आणि ढोबळ वजन, एफओबी किंमत (जहाजावर चढवेपर्यंतची) ही सगळी माहिती प्रत्येक कागदावर एकच हवी. बाकी सारे शिकता येते. एकच आकडा पाचव्यांदा वाचताना कंटाळा न करणे हा मात्र स्वभावाचा भाग आहे, आणि या कामात तोच माणसाला तारतो.

केळीत हे सर्वात कठीण जाते. चाळीस फुटी रीफर (शीत) कंटेनरमध्ये समजा तेरा किलोच्या १,५४० पेट्या भरल्या, तर निव्वळ वजन २०,०२० किलो होते. सकाळी घड कापले, फण्या सोडवल्या, धुतल्या, पेट्या भरल्या, आणि रात्री लक्षात आले की शेवटच्या बागेतून वीस पेट्या कमी निघाल्या. मग रात्रीच इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटोचा अर्ज आणि चेकलिस्ट बदलावी लागते. फायटो म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र. त्यावरची पेट्यांची संख्या शिपिंग बिलाशी जुळली नाही तर समोरच्या देशाच्या बंदरात माल अडू शकतो. निर्यातदाराने आपल्याच दारात सीलबंद केलेल्या कंटेनरला २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक सील लागते. त्याच्या क्रमांकातला एक अंक चुकला तर कंटेनर उघडण्याची वेळ येऊ शकते. केळीला तेरा-चौदा अंश तापमान हवे. त्याखाली साल काळवंडते, वर गेले तर पिकणे सुरू होते, आणि एका फणीतून निघणारा इथिलीन वायू शेजारच्या पेट्याही पिकवतो. जळगावच्या मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना दार उघडे राहिलेला अर्धा तास बाजारात पोहोचल्यावर दिसतो. म्हणून वाहन बागेतून निघण्याआधी जहाजाचा कट-ऑफ, म्हणजे कंटेनर बंदरात पोहोचण्याची अखेरची वेळ, विचारून घेणे हा इथला पहिला धडा. कसारा घाटात वाहतूक अडली तर तो कट-ऑफ कुणाची वाट पाहत नाही. भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन (व्हीजीएम) १ जुलै २०१६ पासून जगभर बंधनकारक आहे, त्यामुळे वाटेत वजनकाट्याची चिठ्ठीही घ्यावी लागते.

‘जळगाव केळी’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अमिरातीशी झालेला व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. त्यातली शुल्कसवलत मिळवायची तर माल मूळ कोणत्या देशाचा हे सांगणारे प्रमाणपत्र समन्वयकालाच मागवावे लागते.

पाइप, ठिबक यांसारख्या कारखानी मालाला घाई कमी, पण पैसा अडकण्याची भीती जास्त. एकात्मिक जीएसटी भरून निर्यात केली तर शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज मानला जातो. इन्व्हॉइस क्रमांक शिपिंग बिलावर एक आणि जीएसटी विवरणपत्रात दुसरा असला, मधली एखादी तिरकी रेघ जरी वेगळी पडली, तरी ‘एसबी ००५’ ही त्रुटी येते आणि परतावा थांबतो. कापसाच्या गाठींचा हिशेब तुलनेने सोपा असतो: भारतीय गाठ १७० किलोची धरतात.

आयातीत घड्याळ उलट्या बाजूने चालते. २०२१ पासून बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीची घोषणा, साधारणपणे जहाज पोहोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल करावी लागते. उशीर झाल्यास पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये आकारले जातात. शिपिंग कंपनीचे डिटेन्शन, म्हणजे कंटेनर जास्त दिवस अडकवल्याचे भाडे, त्याखेरीज. तुरीला वनस्पती संगरोध आणि अन्नसुरक्षा या दोन्ही खात्यांचे ना-हरकत लागते. २०२० पासून मूल्यांकन ‘फेसलेस’, म्हणजे समोरासमोर न भेटता, होऊ लागले. न्हावाशेव्याच्या मालाची फाइल देशातल्या दुसऱ्या बंदराचा अधिकारी तपासतो. ओळखीने काम होण्याचे दिवस त्यामुळे मागे पडले आणि अधिकाऱ्याच्या शंकेला दोन ओळींचे नेमके उत्तर इंग्रजीत लिहिता येणे मोलाचे झाले. पॅकहाऊसमध्ये अहिराणी, ड्रायव्हरशी हिंदी आणि कागदावर इंग्रजी, अशा तीन भाषा एकाच तासात वापरणाऱ्या खान्देशी मुलांना हे चांगले जमते, असे नोंदकाराचे मत आहे.

या कामासाठी ठरावीक पदवी नाही, बी. कॉम. झालेले तरुण हिशेबाच्या टेबलावरून इकडे येतात. ब्रोकरकडे नोकरी धरून कस्टमची परीक्षा उत्तीर्ण झाल्यास ‘जी’ कार्ड, म्हणजे ब्रोकरच्या परीक्षा उत्तीर्ण कर्मचाऱ्याचे ओळखपत्र, मिळते. मालावर ‘लेट एक्स्पोर्ट’चा, म्हणजे निर्यातीला परवानगी असल्याचा, शेरा पडला तरी फाइल बंद होत नाही. जहाज सुटल्यावर शिपिंग कंपनी निर्यात मॅनिफेस्ट, म्हणजे जहाजावर चढलेल्या मालाची यादी, भरते. त्यात कंटेनर क्रमांक किंवा पेट्यांची संख्या चुकली तर परतावा पुन्हा अडतो. म्हणून माल पोहोचून, पिकून, विकला गेल्यावरही समन्वयक आइसगेटवर त्या बिलापुढचा शेरा बघत राहतो.