कुत्र्याचं नाक आणि सात-आठ मिनिटं

२७ मार्च २०१२, मध्यरात्र नुकतीच उलटलेली. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात एक गाडी क्षणभर रस्त्याकडेच्या पट्टीवर गेली आणि पुन्हा मार्गावर आली. खड्डा चुकवला, असं चालकाचं म्हणणं. पोलिसाने कागदपत्रं तपासली, लेखी ताकीद दिली. काम संपलं. मग त्याने विचारलं, गाडीभोवती अमली पदार्थ हुंगणारा कुत्रा फिरवू का? चालक नको म्हणाला. तरीही त्याला थांबवून ठेवलं आणि दुसरा पोलीस आल्यावर कुत्रा फिरवला. ताकीद दिल्यापासून कुत्र्याने इशारा देईपर्यंत सात-आठ मिनिटं गेली. गाडीत मेथॅम्फेटामिन हा अमली पदार्थ सापडला आणि त्या मिनिटांचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला.

गाडीच्या झडतीच्या नियमांचं मूळ अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळात आहे. १९२१ साली मिशिगनमध्ये अडवलेल्या एका मोटारीच्या बैठकीत दारूच्या ६८ बाटल्या दडवलेल्या होत्या. त्याच प्रकरणातल्या १९२५ च्या कॅरोल निकालाने सांगितलं की घर जागचं हलत नाही, मोटार मात्र वॉरंट येईपर्यंत निघून जाते. म्हणून सबळ कारण, म्हणजे गाडीत बेकायदा माल असल्याचा ठोस आधार, असेल तर वॉरंटशिवाय झडती चालेल.

हे सबळ कारण पुढे कुत्रा पुरवू लागला. १९८३ मध्ये विमानतळावरच्या सामानाच्या खटल्यात न्यायालय म्हणालं, कुत्र्याचं हुंगणं ही झडतीच नव्हे, कारण त्यातून फक्त बेकायदा माल कळतो. त्याच निकालात सामान ९० मिनिटं अडकवणं मात्र बेकायदा ठरलं. हा दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो.

२००५ चं प्रकरण इलिनॉयचं. ताशी ६५ मैलांच्या मर्यादेत ७१ चा वेग. एक पोलीस ताकीद लिहीत असताना दुसऱ्याने कुत्रा फिरवला. सगळं दहा मिनिटांच्या आत. न्यायालयाने ते मान्य केलं. न्यायमूर्ती सूटर यांनी विरोधात लिहिलं की कधीही न चुकणारा कुत्रा ही कायद्याने रचलेली कल्पना आहे. २०१३ मध्ये फ्लोरिडातल्या आल्डो नावाच्या कुत्र्याने इशारा दिलेल्या गाडीत, ज्यांचा वास ओळखायला तो शिकलाच नव्हता अशा, मेथॅम्फेटामिन बनवायला लागणाऱ्या औषधी गोळ्या आणि काड्यापेट्या निघाल्या. तरी त्याचं प्रशिक्षण विश्वसनीय ठरलं, तेही एकमताने. मला तो निकाल पटत नाही.

२१ एप्रिल २०१५ रोजी नेब्रास्काच्या खटल्यात न्यायमूर्ती रूथ गिन्सबर्ग यांनी ६-३ बहुमताने लिहिलं की वाहतुकीच्या कामाला लागतो तेवढाच वेळ पोलिसांचा. गुन्ह्याचा वाजवी संशय नसेल तर कुत्र्यासाठी तो जराही लांबवता येणार नाही. त्या चालकाला मात्र सुटका मिळाली नाही. पोलीस तेव्हाच्या कायद्यावर भरवसा ठेवून वागला, म्हणून खालच्या न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली.

तिकडे गाडी चालवणाऱ्या आपल्या लोकांनी १९७३ चा निकालही ध्यानात ठेवावा. झडतीला नकार देता येतो, पण तसं सांगण्याचं बंधन पोलिसांवर नाही. 'डिकी उघडू का?' याला हो म्हटलं, की सबळ कारणाचा प्रश्नच उरत नाही.

१९८३ च्या तर्काला कोलोरॅडोत तडा गेला. तिथे २१ वर्षं पूर्ण झालेल्यांना थोडा गांजा बाळगता येतो आणि गांजा ओळखणारा कुत्रा कायदेशीर वासालाही तोच इशारा देतो. म्हणून २०१९ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अशा कुत्र्याचं हुंगणं ही झडतीच आहे.