पायात काटा, जांघेत गाठ

पायात काटा मोडून जखम चिघळली की दोन-तीन दिवसांत जांघेत अवधाण येतं. दुखणं तळव्याला आणि गाठ इतकी वर, ती का? ती सुजलेली लसिका ग्रंथी असते. जंतूंशी लढायची मोठी तयारी तिथे चालते. त्यासाठी जंतूंचे अंश, म्हणजे प्रतिजनं, तिथवर पोचावी लागतात. काही लसिकेबरोबर, म्हणजे पेशींभोवतालून झिरपणाऱ्या पातळ द्रवाबरोबर, वाहत जातात, पण बरीचशी पेशी उचलून नेतात.

या डेन्ड्रायटिक पेशी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांनी १९७३ साली त्या ओळखल्या. २०११ च्या नोबेल पुरस्कारात स्टाइनमन यांचा वाटा होता.

मला यातला प्रवासच सर्वांत विलक्षण वाटतो. एरवी ही पेशी कातडीत ठिय्या देऊन असते. जंतू गिळला की त्याचे तुकडे करून ती आपल्या पृष्ठभागावर मांडते आणि त्याच सुमारास तिच्या अंगावर सीसीआर-७ हा रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा रासायनिक इशारा ओळखणारं प्रथिन, भराभर वाढतो. लसिकावाहिन्यांतून सीसीएल-२१ नावाचं प्रथिन पाझरत असतं. वाहिनीजवळ ते दाट, दूर विरळ. सीसीआर-७ ओळखतो ते हेच, म्हणून गुळाच्या वासावर मुंगी निघावी तशी पेशी त्या दाटीकडे सरकते. सुरुवातीच्या बारीक वाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी कडेला सलग सांधलेल्या नसतात, मधेमधे फटी असतात. त्यातल्या एका फटीतून अंग चोरून ती आत शिरते आणि साधारण दिवसभरात ग्रंथीत पोचते.

तिथे तिला नेमकी टी पेशी, म्हणजे प्रतिजन ओळखून लढा उभारणारी पांढरी पेशी, भेटायला हवी. एखादं प्रतिजन ओळखणारी टी पेशी लाखात एखादीच. पण रक्तातून फिरणाऱ्या टी पेशींनाही ग्रंथीत उतरवतो तो हाच सीसीआर-७. म्हणून दोघींची गाठ पडते. १९९९ साली हा रिसेप्टर नसलेल्या उंदरांवर प्रयोग झाले. त्यांच्या डेन्ड्रायटिक पेशी ग्रंथीकडे नीट जाईनात, आणि अँटिबॉडीही उशिराने तयार झाल्या.

दंडात टोचलेल्या लशीचंही काम असंच काखेतल्या ग्रंथींत सुरू होतं. बीसीजीनंतर काही बाळांच्या डाव्या काखेत गाठ येते, ती याच वाटेवर.

ही वाट कर्करोगालाही सापडते. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर सीसीआर-७ वाढलेला असल्याचं २००१ साली दिसून आलं. हा रोग पसरताना बहुधा आधी काखेतल्या ग्रंथी गाठतो, म्हणून डॉक्टर त्या तपासतात.