नेमबाजी सुरू करण्याआधी: आमच्या नव्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे पहिल्यांदा येणारे बहुतेक जण आत आल्या आल्या विचारतात, "कोणती रायफल घेऊ?" आमचं उत्तर ठरलेलं आहे: आत्ता कोणतीच नको. नेमबाजीचं साहित्य विकणं आणि त्याची दुरुस्ती करणं हाच आमचा व्यवसाय आहे, तरीही आम्ही हे मनापासून सांगतो. पहिले काही महिने क्लबच्या साहित्यावर शिका. तुमचा हात, खांदा, मान आणि नजर कशी बसते हे तुम्हाला आणि कोचला कळू दे. नंतर घेतलेली वस्तू वर्षानुवर्षं साथ देते. घाईत घेतलेली रायफल बहुधा कपाटात पडून राहते. तोवर या खेळाची ओळख व्हावी म्हणून हे पत्रक.

अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका

१८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून नेमबाजी आहे; १९०४ आणि १९२८ एवढ्याच दोन ऑलिंपिकमध्ये ती नव्हती. आज सुरुवात करणारे बहुतेक जण १० मीटरच्या एअर रायफलने किंवा एअर पिस्तुलाने करतात. आवाज कमी, रेंज बंदिस्त आणि शिकण्यासारखं भरपूर.

एअर रायफलच्या टार्गेटवरचं सगळ्यात बाहेरचं वर्तुळ ४५.५ मिलिमीटरचं असतं. मधला दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट रुंद. छर्ऱ्याची कड ठिपक्याला लागली की दहा मिळतात. त्यापुढे दशांशात मोजणी होते आणि एका नेमाला जास्तीत जास्त १०.९ गुण मिळतात. इथे गुणाचा एक दशांश म्हणजे पाव मिलिमीटर. पात्रता फेरीत ७५ मिनिटांत ६० नेम मारायचे असतात, म्हणून पूर्ण गुण होतात ६५४.

हे दशांश किती मोलाचे असतात ते २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दिसलं. शेवटच्या नेमाआधी अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचा हेन्री हाक्किनेन बरोबरीत होते. बिंद्राने १०.८ मारले आणि सुवर्ण जिंकलं. हाक्किनेनचा नेम ९.७ वर गेला आणि तो कांस्यपदकावर आला. कागदावर मोजलं तर दोन्ही नेमांमध्ये जेमतेम पावणेतीन मिलिमीटरचा फरक.

इतर प्रकार, थोडक्यात

एअर पिस्तूल एका हाताने, हात पूर्ण लांब करून धरायचं असतं. दुसऱ्या हाताचा आधार चालत नाही. ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये पॉइंट टू टू (०.२२ इंची) रायफलने गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभं राहून नेमबाजी होते. २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात पाच टार्गेटांवर पाच गोळ्या आधी ८, मग ६ आणि शेवटी ४ सेकंदांत मारायच्या असतात. ट्रॅप आणि स्कीटचा स्वभाव अगदी वेगळा. तिथे ११ सेंटिमीटरची तबकडी हवेत उडते आणि शॉटगनने ती फोडायची असते. रायफलवाल्याला थांबता आलं पाहिजे, ट्रॅपवाल्याला न थांबता निर्णय घेता आला पाहिजे. या सगळ्यांची सुरुवात वेगवेगळी आहे, म्हणून आधी दोन-तीन प्रकार बघून या.

एक नेम कसा घडतो

नवख्या माणसाला वाटतं की चांगल्या नेमबाजाचा हात हलत नाही. सगळ्यांचा हलतो. हृदय ठोके देतं, छाती वरखाली होते, पायांवर शरीर सतत तोल सावरत असतं. शिकायचं ते हे की हालचाल लहान कशी करायची आणि ती चालू असतानाच ट्रिगर कसा सोडवायचा.

उभ्याने रायफल धरताना वजन स्नायूंवर न घेता हाडांवर घ्यायचं. उजव्या हाताच्या नेमबाजाचं डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं, आणि रायफलचं वजन तिथून पायात उतरतं. मग टार्गेटवर नेम लावा, डोळे मिटा, दोनदा श्वास घ्या आणि डोळे उघडा. नेम डावीकडे सरकलेला दिसला तर हाताने रायफल ओढून आणू नका, पाय सरकवा. हाताने ओढलेली रायफल ट्रिगर सुटताच मूळ जागी जाते आणि छर्राही तिकडेच जातो. आमच्या मते सुरुवातीच्या काळात सगळ्यात जास्त गुण इथेच वाया जातात, आणि त्याचा दोष साइटला, म्हणजे ज्यातून बघून नेम धरतो त्या भागाला, दिला जातो. साइट खराब आहे म्हणून दुरुस्तीला आलेल्या कित्येक रायफली आम्ही काहीही न करता परत दिल्या आहेत.

श्वास सोडला की शरीर क्षणभर शांत होतं. त्या सहा-आठ सेकंदांत नेम सुटला पाहिजे. नाही सुटला तर रायफल खाली घ्या. दम रोखून ताणत राहिलं की डोळ्यासमोरचं चित्र धूसर होतं आणि मन "आता मार" म्हणू लागतं. हा नेम सोडून देण्याचा निर्णय शिकायला सगळ्यात वेळ लागतो. ७५ मिनिटं त्यासाठीच दिलेली असतात.

छर्रा सुटल्यावरही दोन-तीन सेकंद तसंच राहायचं असतं. त्याला फॉलो थ्रू म्हणतात. ट्रिगर दाबल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत थोडा वेळ जातो, आणि तेवढ्यात मान उचलून टार्गेट बघायची घाई केली की नेम हलतो.

पिस्तुलात नजर कुठे ठेवायची हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. पुढच्या साइटवर ठेवा, टार्गेटवर नको. कारण साध्या हिशेबाचं आहे. दोन्ही साइट्समधलं अंतर ३० सेंटिमीटर धरलं आणि त्या एकमेकींशी १ मिलिमीटरने चुकल्या, तर १० मीटरवर छर्रा ३ सेंटिमीटरहून जास्त भरकटतो, म्हणजे पिस्तुलाच्या टार्गेटवर चार वर्तुळं बाहेर. साइट्स जुळलेल्या असून अख्खा हातच १ मिलिमीटर सरकला, तर छर्राही जेमतेम तेवढाच सरकतो. म्हणून टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल, साइट लख्ख दिसली पाहिजे.

साहित्य कोणत्या क्रमाने घ्यावं

आधी बूट आणि जॅकेट. रायफलच्या जॅकेटचं जाड, कडक कापड पाठीला आधार देतं. त्याची जाडी, कडकपणा आणि सैलपणा या सगळ्यांना स्पर्धेत मर्यादा आहेत, त्यामुळे दुसऱ्याचं वापरलेलं जॅकेट घेण्याआधी आम्हाला दाखवा. अंगावर न बसणारं जॅकेट कितीही चांगल्या कंपनीचं असलं तरी उपयोगाचं नाही. पिस्तूलवाल्यांनी ग्रिपचं माप नीट घ्यावं. लाकडाची ग्रिप कानशीने थोडी थोडी घासून हाताला बसवता येते, आणि हे काम आम्हाला फार आवडतं, पण एकदा घासलेलं लाकूड परत येत नाही.

रायफल किंवा पिस्तूल त्यानंतर. एअर रायफलचं वजन ५.५ किलोच्या आत असावं लागतं आणि एअर पिस्तुलाचं १.५ किलोच्या आत. पिस्तुलाचा ट्रिगर सुटायला किमान ५०० ग्रॅमचा भार लागला पाहिजे. एअर रायफलला अशी खालची मर्यादा नाही. बहुतेक नव्या बनावटीत दाबाखालच्या हवेचा सिलिंडर असतो, साधारण २०० बारपर्यंत भरणारा. त्यावर मुदतीची तारीख कोरलेली असते. ती उलटली असेल तर सिलिंडर भरू नका, आणि आम्हीही भरून देणार नाही. भरताना हवा कोरडी आणि स्वच्छ हवी, दुसरा कोणताही वायू चालत नाही.

छर्रे शिशाचे असतात. सरावानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका, आणि लहान मुलांच्या बाबतीत हे मोठ्यांनी बघावं.

सुरक्षितता

यात आम्ही कुणालाही सूट देत नाही. नळी कायम टार्गेटच्या दिशेला. नेम लावेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. रिकामी आहे हे माहीत असलं तरी भरलेली समजूनच हाताळायची. खाली ठेवताना नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग दिसला पाहिजे. रेंज अधिकाऱ्याने "स्टॉप" म्हटलं की त्या क्षणी थांबायचं, कुणी टार्गेटपाशी असताना साहित्याला हात लावायचा नाही. पॉइंट टू टू आणि शॉटगनला कानांचं संरक्षण हवंच. परवान्याचे आणि वयाचे नियम ठिकाणानुसार बदलतात, खरेदीआधी ते लेखी समजून घ्या.

आणि प्रत्येक मालिकेआधी स्वतःच्या लेनचा नंबर वाचा. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत आघाडीवर होता. शेवटचा नेम त्याने शेजारच्या लेनच्या टार्गेटवर मारला. त्याला शून्य मिळालं आणि तो आठवा आला. एवढ्या तयारीच्या खेळाडूकडून हे होऊ शकतं.

पहिल्या दिवशी येताना

वयाची काळजी करू नका. स्वीडनचे ऑस्कर स्वान १९२० मध्ये ७२ व्या वर्षी ऑलिंपिकचं रौप्यपदक जिंकले. हाताचीही फार नको. हंगेरीच्या कारोय टाकाच यांचा उजवा हात १९३८ मध्ये हातबॉम्बने जायबंदी झाला. ते डाव्या हाताने शिकले आणि १९४८ व १९५२ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचं सुवर्ण त्यांनी जिंकलं.

डोळ्याची तपासणी मात्र घरूनच करून या. दोन्ही हात समोर लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा आणि त्या फटीतून दूरची एक वस्तू बघा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने ती वस्तू फटीतच राहते, तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या हाताचा माणूस आणि डावा डोळा मुख्य, असं पुष्कळांचं असतं. अशा वेळी रायफल कोणत्या खांद्याला लावायची हे कोचबरोबर पहिल्याच दिवशी ठरवा, नंतर बदलणं जड जातं.

रक्तदाबाचं किंवा हृदयाचं औषध चालू असेल तर त्याचं नाव लिहून आणा. बीटा ब्लॉकर गटातली औषधं हाताचा कंप कमी करतात, म्हणून नेमबाजीत ती स्पर्धेच्या वेळीही आणि एरवीही निषिद्ध आहेत. औषध स्वतःहून बंद करू नका, डॉक्टर आणि कोच दोघांशी बोला. चष्मा असेल तर तोच घालून या, सपाट तळाचे बूट घाला, आणि किमान दीड तास हाताशी ठेवा. त्यातला पहिला अर्धा तास छर्रा न भरताच जाईल.