मानसिक आरोग्याचा डेटा एकत्र करायला पैसा कसा मिळायला लागला: थोडी पार्श्वभूमी

डायबेटिस असेल तर रक्त तपासून आकडा मिळतो, डिप्रेशनला तशी टेस्टच नाहीये. पेशंट काय सांगतो आणि डॉक्टरला काय दिसतं, एवढाच डेटा. १९६० च्या दशकात न्यूयॉर्क आणि लंडनची तुलना केली तर न्यूयॉर्कचे डॉक्टर स्किझोफ्रेनियाचं निदान कितीतरी जास्त करत होते, आणि एकाच पद्धतीने मुलाखती घेऊन तपासलं तेव्हा कळलं की फरक बराचसा डॉक्टरांच्या सवयीत होता, पेशंटमध्ये नाही. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने ९ देशांत एकच प्रश्नावली वापरून १,२०२ पेशंट तपासले, त्यात आपलं आग्राही होतं.

पण नंतरची बरीच वर्षं निधी मिळायचा तो एकेका प्रयोगशाळेला, छोट्या अभ्यासांसाठी, आणि जो तो आपला डेटा आपल्याकडेच ठेवायचा. याची किंमत मोठी होती. २००३ मध्ये ८४७ लोकांच्या एका अभ्यासातून सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाशी संबंधित एक जीन, ताण आणि डिप्रेशन यांचं नातं मांडलं गेलं, ते प्रचंड गाजलं, त्यावर पेपरच्या पेपर निघाले, आणि २०१९ मध्ये लाखो लोकांच्या डेटावर तपासलं तर ते नातं टिकलंच नाही. इतकी वर्षं, इतका पैसा! मला तर हे वाचून खरंच वाईट वाटतं, कारण वाट बघत बसले ते पेशंट.

वळण आलं ते २००७ मध्ये, सायकियाट्रिक जीनोमिक्स कन्सॉर्शियम, म्हणजे मानसिक आजारांमागची जीन्स शोधणाऱ्या संशोधकांचा संघ, सुरू झालं तेव्हा. वेगवेगळ्या देशांतल्या गटांनी आपापले नमुने एकत्र केले, आणि २०१४ मध्ये सुमारे ३७ हजार स्किझोफ्रेनिया पेशंटच्या डेटातून या आजाराशी नातं असलेल्या जीनोममधल्या (माणसाच्या सगळ्या जनुकीय माहितीतल्या) १०८ जागा सापडल्या. एकट्या कुणाला हे जमलंच नसतं. मोठी उणीव एकच, पण गंभीर: यातले बहुतेक नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे होते.

पेशंटच्या विश्वासाचा प्रश्न वेगळाच. दक्षिण लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमध्ये २००८ पासून पेशंटच्या नोंदी, ओळख पटेल असे तपशील काढून टाकून, संशोधनाला मिळतात आणि त्यावर देखरेख ठेवणाऱ्या समितीत स्वतः पेशंट असतात, ही व्यवस्था अजून चालू आहे. उलट इंग्लंडची केअर.डेटा योजना, म्हणजे डॉक्टरांकडच्या पेशंटच्या नोंदी एका जागी गोळा करायची सरकारी योजना, लोकांना नीट न सांगताच पुढे रेटली गेली, ओरड झाली आणि २०१६ मध्ये गुंडाळावी लागली.

मग निधी देणाऱ्यांनीच अटी बदलल्या. २०२० मध्ये वेलकम (आरोग्य संशोधनाला पैसा देणारी ब्रिटनची संस्था) आणि एनआयएमएच (अमेरिकेची सरकारी मानसिक आरोग्य संशोधन संस्था) यांनी ठरवलं की आमच्या पैशावर काम करणाऱ्यांनी डिप्रेशन, चिंता वगैरे मोजायला ठरावीक प्रश्नावल्या वापरायच्या, उदाहरणार्थ प्रौढांच्या डिप्रेशनला पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी, म्हणजे पुढे डेटा जुळवता येईल. यावर टीकाही झाली, की एकच मोजपट्टी लादली तर त्या प्रश्नावलीत न बसणारा त्रास दिसायचाच बंद होईल, आणि ती टीका मला बरोबर वाटते. तरी काहीच न जुळण्यापेक्षा हे बरं.

२०२२ मध्ये वेलकमने ब्रिटन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या टीम्ससाठी डेटा प्राइज, म्हणजे डेटावर काम करायची बक्षीस-स्पर्धा, काढलं, विषय तरुणांमधली चिंता आणि डिप्रेशन. नवीन सर्व्हे करायचा नाही, आधीच गोळा झालेल्या डेटातून शोधायचं, आणि हा त्रास स्वतः भोगलेल्या माणसांनाही सोबत घ्यायचं, नुसतं फॉर्म भरण्यापुरतं नाही तर कुठला प्रश्न विचारायचा हे ठरवतानाच.