डीजी सुरू झाला, पण लोड घेतला का?

बऱ्याच हॉस्पिटलांत दर आठवड्याला डीजी सेट, म्हणजे डिझेल जनरेटर, दहा मिनिटं चालवून बघतात. सेल्फ मारला, इंजिन धडधडलं, रजिस्टरमध्ये 'ओके' लिहून सही झाली. या दहा मिनिटांत तपासली गेली ती जेमतेम बॅटरी आणि सेल्फ. वीज गेल्याचं एएमएफ पॅनेलने (वीज गेली की डीजी आपोआप सुरू करणाऱ्या पॅनेलने) ओळखलं का, चेंजओव्हर (मेन्स म्हणजे बाहेरून येणाऱ्या विजेवरून डीजीवर बदल) झाला का, आल्टरनेटरने (वीज तयार करणाऱ्या भागाने) भार पेलला का, यातलं काहीच कळलेलं नसतं. वर इंजिनाचं नुकसान होतं ते वेगळंच. लोड नसला की सिलिंडर पुरेसे तापत नाहीत, डिझेल अर्धवट जळतं आणि उरलेलं काजळीसह सायलेन्सरमध्ये साचत जातं. एक्झॉस्टच्या जोडांतून काळा तेलकट द्रव पाझरताना दिसला, तर तो सेट बराच काळ बिनलोडचा चाललेला आहे असं समजायला हरकत नाही.

अमेरिकेत यासाठी एनएफपीए (तिथली अग्निसुरक्षा मानकं ठरवणारी संस्था) हिचं ११० क्रमांकाचं मानक वापरतात. त्यानुसार महिन्यातून एकदा किमान ३० मिनिटं, नेमप्लेटवरच्या किलोवॅटच्या किमान ३० टक्के लोडवर सेट चालवायचा. आपल्याकडच्या ५०० केव्हीएच्या सेटला हा हिशेब लावला तर ०.८ पॉवर फॅक्टरने (केव्हीएतला प्रत्यक्ष कामाचा भाग) ४०० किलोवॅट, म्हणजे निदान १२० किलोवॅट लोड हवा. अडचण इथेच येते. एवढा लोड दुपारी सहज मिळतो, पण तेव्हा ओटी (ऑपरेशन थिएटर) चालू असते. पहाटे हॉस्पिटल शांत असतं, पण लोडही नसतो. त्यातल्या त्यात बरी वेळ म्हणजे सकाळची, ओटीची पहिली केस सुरू होण्याआधीची. लोड कमी पडला तर चिलर (एसीचं पाणी थंड करणारं यंत्र) आणि सीएसएसडीतला (हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या विभागातला) ऑटोक्लेव्ह मुद्दाम लावायचे. मात्र ऑटोक्लेव्ह चेंजओव्हर झाल्यानंतरच सुरू करावा आणि परतीच्या चेंजओव्हरपूर्वी त्याची सायकल संपलेली असावी. मध्येच वीज तुटली तर सायकल रद्द होते आणि सगळी हत्यारं पुन्हा निर्जंतुक करावी लागतात.

चाचणीत वीज दोनदा तुटते: डीजीवर जाताना आणि मेन्सवर परतताना. साध्या एटीएसमध्ये (मेन्स आणि डीजी आपोआप बदलणाऱ्या स्विचमध्ये) एक बाजू सुटल्यावरच दुसरी जोडली जाते. पहिल्या वेळी सगळे सावध असतात. दुसऱ्या वेळी चाचणी संपली म्हणून लोक पांगलेले असतात, आणि गडबड बहुधा तेव्हाच होते. खरी वीज गेली तर डीजीने १० सेकंदांत भार घ्यावा, अशी एनएफपीएची अपेक्षा आहे. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत संस्थेच्या वैद्यकीय जागांसाठीच्या मानकात ऑपरेशन टेबलवरच्या दिव्याला जास्तीत जास्त अर्धा सेकंद मिळतो. अर्ध्या सेकंदात कोणताही डिझेल सेट उभा राहत नाही. हा सगळा काळ ऑनलाइन यूपीएसच्या बॅटरीवर निघतो. म्हणून यूपीएसच्या बॅटऱ्या कमजोर असतील तर डीजीची चाचणी त्या दिवशी करूच नये, आधी बॅटऱ्या बदलाव्यात.

आदल्या दिवशी इन-चार्ज सिस्टर, ओटी टेक्निशियन, डायलिसिस आणि बायोमेडिकल विभाग यांना वेळ कळवलेली असावी. चाचणी डायलिसिसच्या दोन शिफ्टच्या मधल्या वेळेत हवी, कारण मशीनची बॅटरी थोडा वेळ रक्ताचा पंप फिरवते, पण हीटर बंद पडतो. सीटी आणि कॅथलॅबच्या टेबलावर पेशंट नको. चेंजओव्हरच्या क्षणी स्ट्रेचर लिफ्टमध्ये नको. प्रत्येक व्हेंटिलेटरपाशी अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि एक माणूस हवा, आणि प्लग कुठे आहे ते डोळ्यांनी बघायचं. एक्स्टेंशन बोर्डावरून साध्या (यूपीएस नसलेल्या) सॉकेटला लावलेला व्हेंटिलेटर अशाच वेळी सापडतो. पीएसए (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा) ऑक्सिजन प्लँट असेल तर त्याचा कॉम्प्रेसरही क्षणभर थांबणार, तेव्हा सिलिंडरचा मॅनिफोल्ड (पाइपलाइनला जोडलेला राखीव सिलिंडरांचा संच) भरलेला आणि जोडलेला असावा. द्रव ऑक्सिजनच्या टाकीला ही काळजी नाही.

दरमहा मेन्सचा ब्रेकर हाताने पाडू नये. पॅनेलवरच्या टेस्ट स्विचने 'वीज गेली' असा खोटा सिग्नल द्यावा. डीजी मध्येच बंद पडला तर मेन्स शाबूत असते आणि एटीएस स्वतःहून परत येतो. खरा इनकमर (मेन्सचा मुख्य ब्रेकर) पाडायचा तो वर्षातून एकदा, आणि तेव्हा ब्रेकरपाशी माणूस उभा ठेवून. मोटरने स्प्रिंग चार्ज होणाऱ्या एसीबीला (मोठ्या एअर सर्किट ब्रेकरला) स्वतःलाच वीज लागते. ती नसेल तर हँडलने स्प्रिंग चार्ज करावी लागते, हे ऐनवेळी आठवून उपयोग नसतो.

भार पडताना फ्रिक्वेन्सी खाली जाते आणि सावरते. सगळा लोड एकदम आला तर ती इतकी ढासळते की सेट ट्रिप होतो, म्हणून आधी आयसीयू आणि ओटी, मग लिफ्ट, सगळ्यांत शेवटी चिलर. मोठ्या यूपीएसमध्ये 'वॉक-इन' सेटिंग असतं. ते चालू असेल तर यूपीएस भार हळूहळू घेतो. पॉवर फॅक्टर सुधारणारी कपॅसिटर बँक डीजीवर आपोआप सुटली पाहिजे. राहिली तर पॉवर फॅक्टर लीडिंग होतो, व्होल्टेज चढतं आणि एव्हीआरचा (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेचा) ताबा सुटतो. दर दहा मिनिटांनी व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, तिन्ही फेजचा करंट, ऑइलचं प्रेशर आणि कूलंटचं तापमान लिहावं. सेल्फ मारताना २४ व्होल्टची बॅटरी १९च्या खाली घसरली, तर ती अजून चालते म्हणून ठेवू नये. परतल्यावर सेट पाच मिनिटं बिनलोड थंड होऊ द्यायचा आणि कंट्रोलर ऑटोवर आहे का ते दोघांनी वेगवेगळं बघायचं. सर्व्हिसिंगनंतर तो मॅन्युअलवर राहून जाणं हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत घातक दोष आहे.

अर्ध्या तासात न दिसणारे दोष मात्र डिझेलच्या वाटेवर असतात. २९ ऑक्टोबर २०१२ला सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलचे जनरेटर १३व्या मजल्यावर सुरक्षित होते, पण डिझेल वर चढवणारे पंप तळघरात पाण्याखाली गेले. जिन्यावरून हातोहात डिझेल चढवूनही शेवटी हॉस्पिटल रिकामं करावं लागलं. पुराशिवायही हे होऊ शकतं: मोठ्या टाकीतून डे टँकमध्ये (सेटजवळच्या छोट्या टाकीत) डिझेल आणणारा पंप नेमका डीजीवर नसलेल्या पॅनेलला जोडलेला असतो. डे टँक भरलेला आहे तोवर सगळं ठीक, मग शांतता. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ९९० लिटरची टाकी दिसते, कारण नियमानुसार १००० लिटरपेक्षा मोठं भांडं नसेल आणि एकूण साठा २५०० लिटरच्या आत असेल, तर डिझेलला परवाना लागत नाही. ५०० केव्हीएचा सेट ७५ टक्के लोडवर तासाला साधारण ७५ ते ८० लिटर पितो, म्हणजे कागदावर १२ तास. तळाचं डिझेल उचललं जात नाही, ते वजा करायचं. त्याच तळाशी पाणी साचतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जंतू वाढून फिल्टर तुंबतो, तेव्हा ड्रेन व्हॉल्व्हमधून पाणी नियमित काढावं. १२ ऑक्टोबर २०२०ला मुंबई महानगरातली वीज काही तास गेली होती. तेवढा वेळ सेट टिकेल का, हे कळायला दर तीन वर्षांनी चार तासांची चाचणी घ्यावी लागते. एनएफपीएही तेच सांगतं.

महिन्याला ३० टक्के लोड मिळतच नसेल तर वर्षातून एकदा लोड बँक (सेटवर कृत्रिम लोड टाकणारं यंत्र) भाड्याने आणावी: अर्धा तास ५० टक्क्यांवर, मग एक तास ७५ टक्क्यांवर. पण हे दीड तास सेट लोड बँकेत अडकलेला असतो आणि हॉस्पिटलला बॅकअप नसतो. दुसरा सेट नसेल तर ट्रकवरचा डीजी आणून आधीच जोडून ठेवावा आणि केबल लावल्यावर फेज सिक्वेन्स (तीन फेजचा क्रम) मीटरने तपासावा. दोन फेज उलटसुलट झाले तरी दिवे आणि मॉनिटर व्यवस्थित चालतात, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. व्हॅक्यूम पंपाची मोटर मात्र उलटी फिरते आणि वॉर्डातलं सक्शन बंद पडतं.